वाघाची मावशी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस मुंबई-पुण्यास गेला, की चहाच्या आधी त्याच्यापुढे एक प्रश्न येतो : "तुमच्याकडे वाघ आहेत ना हो?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून असे वाटावे, की आमच्या ओसरीवर दोन-चार वाघ बाज टाकून तंबाखू मळीत बसलेले असतात! मी हल्ली या प्रश्नाला एकच उत्तर देतो. "आहेत," मी म्हणतो, "आणि आमच्याकडे वाघाला जेवढा नीट न्याय मिळतो, तेवढा माणसालाही सगळीकडे मिळत नसेल."

ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. पण गोष्ट खरी आहे. आमच्याकडे वाघाने माणूस मारला, की गाव पेटून उठते. 'दिसेल तो वाघ मारा' अशी ओरड होते, आणि ज्या घरातला माणूस गेला त्या घराने तसे म्हणणे स्वाभाविकच आहे. पण वनखात्याला दिसेल तो वाघ धरून भागत नाही. नेमका कोणता वाघ, हे आधी ठरवावे लागते. मग झाडांना कॅमेरे बांधतात आणि पट्ट्यांवरून ओळख पटवतात. कारण दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. जखमेवर राहिलेली लाळ, काट्याकुट्यांत अडकलेले केस, वाटेवरची विष्ठा, हे सारे जपून प्रयोगशाळेत जाते. तिथे त्यातला आनुवंशिक मजकूर वाचतात. जनुक जनुक म्हणतात तो हाच मजकूर! राजुऱ्याकडचा 'आरटी-१' ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजऱ्यात सापडला. वडशाकडचा 'सीटी-१' ऑक्टोबर २०२२ मध्ये. या दुसऱ्याच्या नावावर तेरा माणसांचे मरण होते. त्यांची ही नावे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत.

वाघाची अशी व्यवस्था झाली. पण वाघाच्या मावशीचे काय? तिच्यावर आरोप आला, तर तिची ओळखपरेड कोणी घ्यायची? हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरातच उभा राहिला.

आमच्याकडे मनी आहे. अंगाने पांढरी, शेपटीने काळी आणि स्वभावाने हेडमास्तर! ती घरात आली ती धाकट्या मुलीच्या दप्तरातून. कुठे मिळाली म्हणून विचारले, तर "शाळेच्या पडवीत रडत होती," एवढेच उत्तर मिळाले. आणि त्या उत्तरापुढे बापाने काय बोलायचे? शिवाय आमच्या भागात रानातले आणि घरातले यांच्यामधली भिंत तशी कुडाचीच. मोहफुले वेचायला बाई निघाली, की तिच्या पुढे कुत्रा आणि मागे पोर, हे ठरलेले. कोंबड्या तर निजायला घरातच येतात. भामरागडाकडे हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तिथे डॉ. प्रकाश आमट्यांनी शिकारीत पोरकी झालेली रानातली पिल्ले घरच्या लेकरांसारखी वाढवली. ज्या मुलखात बिबट्याची पिल्ले माणसाच्या अंगाखांद्यावर खेळली, तिथे एका मांजरीचे काय मोठेसे!

श्रावणात एके दिवशी खेळता खेळता मनीचे नख मुलीच्या मनगटावर ओढले गेले. ओरखडा लहानच होता. तरी आम्ही तो साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतला आणि त्याच दिवशी मुलीला दवाखान्यात नेऊन रेबीजची लस सुरू केली. मनीलाही लस टोचलेली होती. प्रकरण तेवढ्यावर मिटले असे वाटले. दोन-अडीच आठवडे गेले, आणि पोरीच्या काखेत सुपारीएवढी गाठ आली. दुखरी, आणि संध्याकाळ झाली की अंगात कसकस.

गाठ आणि संध्याकाळचा ताप! आमच्या पिढीच्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. माझ्या आईने तर तो मोठ्याने सांगितलाच. "गंडमाळ आहे," ती म्हणाली. शेजारच्या काकूंनी त्यात भर घातली, की मांजराचा केस पोटात गेला की तो आतून असा गाठीच्या रूपाने वर येतो. पलीकडच्या घरच्या आजोबांनी हवापालट आणि उतारा असे दोन्ही उपाय सुचवले. मतभेद एवढेच होते. गुन्हेगाराविषयी मात्र साऱ्यांचे एकमत होते.

"त्या मांजरीले आधी बाहेर काढ," आई म्हणाली. "पोरीच्या जिवापरीस मांजर मोठी झाली काय? पोत्यात घाल अन् वैनगंगेपल्याड सोडून ये. नदी ओलांडून काही ते परत येत नाही."

वैनगंगेच्या अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा आणि पलीकडे गडचिरोली. १९८२ पर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता; पण मांजरी सोडण्याच्या बाबतीत ही फाळणी लोक फार काटेकोरपणे पाळतात. सौभाग्यवतीचे माहेर आरमोरीचे, म्हणजे नेमके पलीकडचे. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर आहे. माझ्या माहेरी पाठवायला एवढ्या वर्षांत तुम्हांला आता मांजर तेवढे सुचले!"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती मनीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती, आणि त्या रात्री ती जेवली नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर संशय येतो तो शेवटच्या प्रकरणात निर्दोष निघतो, हे मला ठाऊक आहे. पण स्वतःच्या मुलीच्या काखेतल्या गाठीला हात लावून पाहताना ती सारी विद्या कुठल्या कुठे जाते. आई चुकत होती असे मला म्हणवेना, आणि मुलीच्या मांडीवरून मनीला उचलायला हात होईना.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाठ पाहिली, मनगटावरचा वाळलेला डाग पाहिला आणि विचारले, "घरी मांजर आहे का?" मला वाटले, हेही आईच्या पक्षाला मिळाले! पण त्यांचा रोख वेगळा होता. "लस दिलीत ते उत्तम केलेत," ते म्हणाले. "पण रेबीज हा विषाणूचा रोग, आणि त्यात अशी गाठ येत नाही. ही गाठ एखाद्या जंतूची दिसते. तो क्षयाचा आहे का, एवढे आधी पाहू."

गाठीत सुई घालून त्यांनी थोडासा द्रव काढला. आता क्षयाची तपासणी करणारे एक यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. त्यात द्रव ठेवला, की क्षयाच्या जंतूचे जनुक त्यात आहे की नाही हे ते सुमारे दोन तासांत सांगते. ते दोन तास मी दवाखान्याच्या बाकावर काढले. इतकी लांब परीक्षा मी मॅट्रिकलाही दिली नव्हती, आणि माझे शिक्षण तर तेवढ्यावरच थांबले! उत्तर आले : क्षय नाही.

घरी पेढे वाटावेत एवढा आनंद झाला. पण आईचा प्रश्न कायम होता. "क्षय नाही, तं मंग काय आहे?"

प्रश्न बिनतोड होता, आणि डॉक्टरांनाही तो पडलेलाच होता. त्या यंत्राची मर्यादा अशी, की ते एकाच चोराचे छायाचित्र हातात घेऊन बसलेल्या शिपायासारखे आहे. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते विचारते, "तू तोच का?" उत्तर 'हो' किंवा 'नाही'. 'मग तू कोण?' असा प्रश्न त्याला विचारता येत नाही. तो विचारण्यासाठी जंतूचे जनुक अक्षर न् अक्षर वाचावे लागते. डॉक्टरांचा एक वर्गमित्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हेच काम करतो. उरलेला द्रव बर्फात घालून त्याच्याकडे गेला.

उत्तर यायला दिवस लागणार होते. मनीच्या खटल्याची तारीख पुढे पडली. त्या दिवसांत मी मिळेल ते वाचले, डॉक्टरांना भंडावून सोडले, आणि मास्तराच्या डोक्यात जेवढे शिरले तेवढे आता तुम्हांला सांगतो.

आपल्या शरीरातला मजकूर चार अक्षरांच्या वर्णमालेत लिहिलेला असतो. त्यातले एक अक्षर बदलले तर काय होते, हे आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. सिकलसेलचा आजार आमच्याकडे घरोघरी माहीत आहे; रक्तातल्या लाल द्रव्याच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते आणि तेवढ्याने गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. या आजाराच्या संशोधनाचे केंद्र चंद्रपुरात आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. तर माणसासारखाच जंतूलाही असा मजकूर असतो. त्यातले एक प्रकरण, ज्याला '१६ एस' म्हणतात, ते झाडून साऱ्या जंतूंत सापडते. त्याची लांबी सुमारे पंधराशे अक्षरे. म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू नीट अक्षरात लिहिल्या तर मावेल एवढे.

या पोस्टकार्डाची गंमत अशी, की ते आपल्या जुन्या पत्रांसारखेच असते. आपल्या आजोबांची पत्रे आठवून पाहा. वरचा मायना साऱ्या पत्रांत सारखा. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, आणि शेवटी कळावे, लोभ असावा! फरक असतो तो मधल्या मजकुरात. १६ एस या जनुकातही काही भाग सगळ्या जंतूंत जवळजवळ सारखे असतात आणि काही भाग जातीजातींत वेगळे. शास्त्रज्ञ मायन्याला धरून ते पत्र नेमके ओढून काढतात आणि मधला मजकूर वाचून लिहिणाराला ओळखतात. पत्र एकच असले तर ते वाचता येणार नाही इतके सूक्ष्म. म्हणून आधी त्याच्या नकला करतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. असे तीस वेळा केले, तर एकाचे एकशे सात कोटींहून अधिक होतात! बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळांची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. तिचा असा उपयोग होत असेल असे मात्र मला कधी वाटले नव्हते. मग वाचलेला मजकूर जगभरच्या जंतूंच्या साठवलेल्या मजकुराशी ताडून पाहायचा, की नाव सापडते. अमेरिकेतल्या कार्ल वोझ यांनी १९७७ मध्ये याच जनुकाच्या आधारे साऱ्या सजीवांची वंशावळ नव्याने मांडली, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांनी अक्षरे वाचण्याची आपली प्रसिद्ध रीत जाहीर केली. इतक्या दूरच्या दोन माणसांचे काम आमच्या घरातल्या मांजरीच्या उपयोगी पडायचे होते!

आणि मांजरीवरचा हा आरोप तसा जुना आहे. मांजराने ओरखडल्यावर गाठ येते, हा रोग पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रॉबेर दब्रे यांनी १९५० मध्ये वर्णन करून सांगितला. पण तो कोण करतो ते सापडेना. तेहेतीस वर्षांनी, १९८३ मध्ये, रोग्यांच्या गाठींत चांदीचा रंग चढवून पाहिल्यावर बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. पण दिसणे निराळे आणि ओळखणे निराळे. १९८८ मध्ये एका गाठीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढला, त्याला अफिपिया असे नावही पुढे मिळाले, आणि खटला निकालात निघाला असे अनेकांना वाटले. पण तो खरा गुन्हेगार नव्हताच. मुख्य चोर प्रयोगशाळेतल्या खाद्यावर फारसा वाढतच नव्हता. १९९० मध्ये डेव्हिड रेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेगळ्याच आजाराच्या रोग्यांचा मांसाचा तुकडा घेतला आणि जंतू वाढवण्याच्या भानगडीत न पडता सरळ त्यातले १६ एस वाचले. मजकूर निराळाच निघाला. १९९२ मध्ये त्या जंतूला नाव मिळाले, आणि मांजराच्या ओरखड्याने आजारी पडलेल्यांच्या रक्तातही त्याच्याच खुणा सापडल्या. आज त्याला 'बार्टोनेला हेन्सेली' म्हणतात. त्यातले बार्टन हे पेरू देशातले डॉक्टर; आणि हेन्सेल ही ओक्लाहोमाच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत काम करणारी एक तंत्रज्ञ बाई. नळ्या-बशांमधून तो जंतू चिकाटीने वाढवून दाखवणाऱ्या बाईचे नाव शास्त्राने कायमचे लावले, हे वाचून मला फार बरे वाटले.

म्हणजे दब्रे यांच्या वर्णनापासून बेचाळीस वर्षे गेली, आणि मधल्या काळात एका भलत्याच जंतूवर आळ येऊन गेला. शास्त्रज्ञांचे हे असे. मग आमच्या आळीने एका दुपारी निकाल दिला, यात नवल ते काय?

मात्र इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जनुक वाचून नाव कळले, म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नाही. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू सुखाने नांदत असतात; आपल्याही तोंडात असतात. हजेरीपटावर नाव आहे म्हणून वर्गाची काच त्यानेच फोडली, असे कोणता मास्तर म्हणेल? २०११ मध्ये मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या ५२५ भटक्या कुत्र्यांच्या रक्ताची अशी जनुकांवरून केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या अध्यापकांचा तीत सहभाग होता. जवळजवळ निम्म्या कुत्र्यांत गोचिडांबरोबर येणारा एखादा तरी रोगजीव आढळला. त्यात 'एर्लिकिया' नावाचा, कुत्र्यांना ताप आणून रक्त नासवणारा जंतूही होता. पण यातून कुत्रे माणसाचे वैरी ठरतात का? उलट, गोचिडाने आधी त्यांचाच बळी घेतलेला असतो.

आणि नाव कळण्याला किती मोल असते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्याला आणि नंतर सुरतेला प्लेग आल्याची बातमी आली, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. सुरत सोडून लाखो माणसे पळाली. इकडे आमच्या एस.टी. स्टँडवरही लोक तोंडाला रुमाल बांधून बसत आणि पश्चिमेकडून आलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवीत. हा प्लेगच का, की दुसरेच काही, यावर मोठमोठ्या तज्ज्ञांत वाद चालला होता. पुढे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी रोग्यांतून आणि उंदरांतून मिळालेल्या जंतूंचे हेच १६ एस जनुक वाचले. प्लेगच्या जंतूचा एक भाऊबंद आहे. दोघांचा हा मजकूर जवळजवळ सारखाच असतो. म्हणून त्यांनी जोडीला जनुकांचे ठसेही घेतले, आणि २००० मध्ये, तो प्लेगचाच जंतू होता हे प्रसिद्ध केले. उंदीर हा आपण न पाळता पोसलेला प्राणी! त्याच्या घरातला भाडेकरू कोण, हे कळायला सहा वर्षे लागली. तेवढ्या अवधीत, रुमाल बांधलेल्या कितीतरी माणसांनी आपल्या कितीतरी पाहुण्यांना दारातून परत पाठवले होते.

अखेर पुण्याहून उत्तर आले. डॉक्टरांनी ते मला वाचून दाखवले. गाठीतल्या द्रवात सापडलेला मजकूर बार्टोनेला हेन्सेलीचा होता. ओरखडा, गाठ आणि मजकूर अशा तिन्ही साक्षी जुळत होत्या. "पोरीची काळजी करू नका," ते म्हणाले. "सशक्त मुलांत हा आजार बहुधा आपोआप ओसरतो, मी थोडे औषध देतोच. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते, त्यांनी मात्र फार जपायला हवे."

"आणि मनी?" मुलीने विचारले. ती मुद्दाम माझ्याबरोबर आली होती.

डॉक्टर हसले. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला ६१ मांजरांचे रक्त तपासले, तर २५ मांजरांच्या रक्तात हा जंतू निघाला, असे त्यांनी सांगितले. मांजरांना त्याचा बहुधा काही त्रासही होत नाही. मग तो एका मांजरातून दुसऱ्यात जातो कसा? १९९६ मध्ये अमेरिकेत प्रयोग झाला. रोगी मांजरांच्या अंगावरच्या पिसवा काढून निरोगी पिल्लांच्या अंगावर सोडल्या, तर पिल्लांना लागण झाली. पण पिसवा नसलेल्या खोलीत रोगी मांजरांबरोबर राहूनही पिल्ले निरोगी राहिली. पिसवेची घाण मांजराच्या नखात बसते, आणि नखातून ती आपल्या ओरखड्यात उतरते. "मांजर हाकलू नका," डॉक्टर म्हणाले, "पिसवा हाकला. नखे कापा. मुलांना मांजराशी मस्ती करू देऊ नका. ओरखडा निघाला, तर तुम्ही केलेत तसे धुवा आणि दाखवायला या."

घरी येऊन मी आईला सारे सांगितले. जंतूचे नाव तिला उच्चारता येईना. तिने त्याचे 'बारतोंडी' असे सोपे नाव ठेवून टाकले. पण पिसवेची गोष्ट तिने दोनदा विचारून घेतली. "म्हणजे चोर ते पिसू. अन् आपण मांजरीले पोत्यात घालत होतो."

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती बराच वेळ ओसरीवर बसून होती. मी पान लावून दिले, तेव्हा ती आपण होऊन बोलू लागली. तिचे माहेर वरोऱ्याकडचे. तिच्या लहानपणी तिच्या एका काकीच्या अंगावर पांढरे चट्टे उठले. महारोग म्हणून घरादाराने तिला शेताच्या कडेला खोपटे बांधून दिले आणि तिचे ताट वेगळे केले. वरोऱ्याला तर आनंदवन तेव्हाच उभे होते. कुष्ठरोग्याला माणसासारखे वागवता येते, हे तिथे दोन-चार कोसांवर रोज दिसत होते. पण तिथवर जाऊन विचारायची घरात कोणाची छाती होईना. दोन वर्षांनी वरोऱ्याहून आलेल्या एका डॉक्टराने काकीला पाहिले आणि सांगितले, हे साधे कोड आहे. यातून कोणालाच काही होत नाही. घरचे तिला आणायला शेतावर गेले. "आली," आई म्हणाली, "पण मरेपावेतो ती चुलीपाशी नाही बसली. दाराशीच बसे."

मला काय बोलावे ते सुचेना. काकीला महारोग असता, तरी तिला खोपट्यात ठेवायला नको होते, हे आज आपल्याला समजते. त्या रोगाच्या जंतूला नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये ओळखले. त्याचा सगळा आनुवंशिक मजकूर २००१ मध्ये वाचून झाला. आणि आज तो औषधाने बरा होतो. पण आई जे सांगत होती ते यापेक्षा साधे होते. नेमके काय झाले आहे, हे ठाऊक नसले, की माणूस हाताशी असेल त्याला बाहेर काढतो. आणि हाताशी असतो तो बहुधा घरातलाच, दुबळा आणि मुका असतो. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण हसून वापरतो. त्या संन्याशाचे पुढे काय झाले, हे म्हणीत सांगितलेले नाही. काकीचे मी त्या रात्री ऐकले.

माणूस, जनावर आणि रान यांचे आरोग्य वेगवेगळे मोजता येत नाही, असे आता जाणती माणसे सांगतात. याच विचाराने काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी आमच्या चंद्रपूरच्या केंद्राच्या समारंभाच्याच दिवशी नागपुरात झाली. मोठ्या संस्थांचे काम मोठे असते. आमच्या ओसरीवरचे काम लहान आहे. दुपारची निजानीज झाली, की आई बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन बसते आणि मनीच्या अंगावरून फणी फिरवते. सापडलेली पिसू वाटीत बुडवताना ती तिला चार शब्दही ऐकवते. मनी हेडमास्तरासारखी डोळे मिटून घेते. मुलीची गाठ दिवाळीच्या आत विरून गेली. आता ती नखे कापायच्या दिवशी आजीला मनीचे पंजे धरून देते.

परवा शेजारच्या काकू आल्या. त्यांचा मोत्या आठ दिवस खात नव्हता, नाकातून रक्त येत होते आणि कानामागे गोचिडांचा घोस लागला होता. त्याच्यामुळे घरात कोणाला काही व्हायच्या आत त्याला मुलाबरोबर रानात पाठवून द्यावे, असे काकूंच्या मनात होते. आईने हातातली फणी खाली ठेवली.

"आधी नेऊन रक्त दाखवा त्याचं," ती म्हणाली. "कोण शिरलं आहे अंगात, त्याचं नाव विचारा. मंग कोणाले हाकलायचं ते पाहू."

काकूंनी मोत्याला हातगाडीवर घातले आणि जनावरांच्या दवाखान्याकडे नेले. चढावर ती गाडी मागून ढकलायला आमच्या घरातून दोघीजणी गेल्या, आजी आणि नात.